शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कुवाबारा सर अर्जाचे पाकीट घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधन विभागाच्या खिडकीशी गेले, तेव्हा त्यांना कळले की मुदत संपली आहे.

"तारीख गेली, सर," खिडकीमागच्या ताकेमोतोने सांगितले. त्याने पाकिटाला हात लावला नाही.

"कुठली तारीख?"

"शुक्रवारची. तेवीस ऑक्टोबर, संध्याकाळी पाच."

"ती नोटिशीतली झाली. मी खरी तारीख विचारतोय."

"नोटिशीतलीच खरी होती, सर."

कुवाबारा सर या विद्यापीठात एकतीस वर्षे शिकवत होते. एवढ्या काळात नोटिशीतली तारीख खरी निघाल्याचे एकही उदाहरण त्यांच्या ऐकिवात नव्हते. विभाग नेहमी खऱ्या मुदतीच्या पाच दिवस आधीची तारीख लावी, कारण प्राध्यापक तीन दिवस उशीर करीत. प्राध्यापक तीन दिवस उशीर करीत, कारण विभाग पाच दिवस आधीची तारीख लावतो हे त्यांना ठाऊक होते. कोणाची काही तक्रार नव्हती. मग एप्रिलमध्ये इगावाबाई विभागप्रमुख म्हणून आल्या. शिकल्यासवरलेल्या माणसांनी एकमेकांना खोट्या तारखा सांगाव्यात हे त्यांना बरे वाटले नाही. या वेळी त्यांनी नोटिशीत खरी तारीख घातली आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ लिहिली: 'वरील तारीख खरी आहे.'

ती ओळ सगळ्यांनी वाचली. खोटे बोलण्यात विभाग यंदा फारच पुढे गेला, असे सगळ्यांना वाटले.

"गठ्ठा गेला?" सरांनी विचारले.

"गेला. शुक्रवारी सव्वापाचला मीच पोस्टात दिला."

"किती अर्ज होते?"

"एक."

"एका अर्जाला गठ्ठा म्हणतात का?"

"दोरी बांधली होती, सर."

तो एक अर्ज एबिना नावाच्या व्याख्यात्याचा होता. एबिना सप्टेंबरातच नोकरीवर आला होता आणि जेवणाच्या वेळी अजून त्याच्याशी कोणी बोलत नसे. त्यामुळे नोटिशीवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

"मला वाटलं होतं, तुमचंच पाकीट पहिलं येईल," ताकेमोतो म्हणाला. "दरवर्षी तुमचं पहिलं असायचं."

सरांनी पाकीट बगलेत धरले. दरवर्षी त्यांचे पाकीट पहिले येई ते त्यांच्या पत्नीमुळे. नोटीस घरी आली की किनुयोबाई ती वाचत आणि म्हणत, "शुक्रवार लिहिलंय."

"अगं, ती तारीख कोणी मानत नाही."

"मी मानते."

एवढेच बोलणे होई. शुक्रवारी सकाळी पाकीट दारात बुटांशेजारी ठेवलेले असे. सोळा जुलैला किनुयोबाई वारल्या. यंदा नोटीस आली आणि जेवणाच्या टेबलावर पडून राहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुवाबारा सर इतर प्राध्यापकांसारखे वागले होते.

अर्ज ओसाकाच्या तामाकि प्रतिष्ठानाकडे जायचा होता. वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या धंद्यात मोठ्या झालेल्या एका व्यापाऱ्याने ते स्थापन केले होते आणि मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या विद्यापीठांना ते संशोधनासाठी मदत देई. सरांना ती मदत तळ्यातल्या शिंपल्या मोजण्यासाठी हवी होती. शिंपल्या मोजण्याचे काम नोसाकाबाई करीत. एकोणीस वर्षे त्या दर आठवड्याला होडीतून जात, तळातली रेती चाळत आणि किती शिंपल्या जिवंत, किती रिकाम्या, ते वहीत लिहीत. त्यांचा करार मार्चच्या एकतीस तारखेला संपत होता. अर्ज मंजूर झाला तर पुढची तीन वर्षे त्या राहणार होत्या. नाही झाला तर त्या जाणार होत्या आणि वही थांबणार होती. दुसरा अर्ज कुठेच केलेला नव्हता.

सर खिडकीशी उभे होते तेवढ्यात भूकंपाचा अभ्यास करणारे यामानोउची सर पाकीट घेऊन आले.

"काय हो कुवाबारा, तुम्ही आज? तुम्ही तर वेळेवाली माणसं."

"तारीख गेली."

"कुठली? नोटिशीतली?" यामानोउची हसले. मग त्यांनी ताकेमोतोकडे पाहिले आणि हसायचे थांबले.

त्यांच्यामागून आहारशास्त्राच्या शिओमीबाई आल्या. मग आणखी दोघे आले. अकरा वाजेपर्यंत खिडकीशी तेरा प्राध्यापक तेरा पाकिटे घेऊन उभे होते. चौदावे डीन मिझोगुची. ते जुन्या कौलांच्या इतिहासावर काम करीत. ते लिफ्टमधून बाहेर आले, गर्दी पाहिली आणि पाकीट पाठीमागे लपवून म्हणाले, "काय चाललंय इथं? तासांना कोण गेलंय?"

इगावाबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. सगळ्यांनी त्यांना केला. चौदा जण अरुंद जागेत एकदम वाकल्यामुळे पुढच्यांना मागच्यांची पाकिटे लागली.

"मी खरी तारीख लिहिली होती," इगावाबाई म्हणाल्या.

"लिहिली होती हो," डीन म्हणाले. "पण ती खरी आहे असंही लिहिलं होतंत. तिथंच शंका आली."

"मग मी काय लिहायला हवं होतं?"

डीननी नियमांत काही वाट आहे का ते विचारले. इगावाबाईंनी प्रतिष्ठानाची नियमावली आणली आणि अकरावा नियम वाचून दाखवला. 'वादळ, पूर, भूकंप, अंत्यविधी अथवा तत्सम आकस्मिक कारणाने संस्थेतील बहुसंख्य अर्जदारांना एकाच वेळी अडथळा आल्यास, पुराव्यासह कळवावे. अर्ज कामकाजाच्या तीन दिवसांत स्वीकारले जातील.'

"म्हणजे बुधवारपर्यंत," ताकेमोतो म्हणाला.

डीनसाहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत नेले. खुर्च्या आठच होत्या. उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले.

"शुक्रवारी पाऊस होता का?" डीननी विचारले.

"लख्ख ऊन होतं," शिओमीबाई म्हणाल्या. "मी गाद्या वाळत घातल्या होत्या."

"यामानोउची, भूकंप?"

"झाला ना. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी."

खोलीत जरा हालचाल झाली. "कोणाला जाणवला?"

"यंत्राला."

"माणसांपैकी?"

"माणसांपैकी कोणाला नाही. एरवी जाणवतात. नेमका शुक्रवारीच बारका झाला."

डीननी अकरावा नियम पुन्हा मनातल्या मनात वाचला. अंत्यविधी हा शब्द प्रत्येकाच्या मनात होता, पण कोणी उच्चारत नव्हते. बघता बघता सगळ्यांच्या नजरा जमिनीवर गेल्या आणि तिथून हळूहळू कुवाबारा सरांच्या बुटांपर्यंत आल्या.

"कुवाबारा," डीन हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी कधी गेल्या हो?"

"सोळा जुलै."

डीननी भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने मागे उलटली आणि पेन्सिलीच्या टोकाने दिवस मोजायला सुरुवात केली. ते ओठ हलवत मोजत होते. जुलै संपला, ऑगस्ट संपला, सप्टेंबर संपला. ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिल थांबली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"शुक्रवारी," ते म्हणाले, "वहिनींचा शंभरावा दिवस होता."

कुवाबारा सर उठून कॅलेंडरपाशी गेले आणि त्यांनी स्वतः मोजले. एकोणपन्नासाव्या दिवसाचा देवळातला विधी त्यांनी नीट केला होता. त्यानंतर शंभराव्या दिवसाचा येतो हे त्यांना माहीत होते. पण तो दिवस कुठल्या वारी येतो हे त्यांनी पाहिले नव्हते. घरात असल्या तारखा पाहणारे माणूस किनुयोबाईच होत्या.

"विधी केला होतात ना?" शिओमीबाईंनी विचारले.

"नाही."

"म्हणजे अजून कोणाला सांगितलेलं नाही, एवढंच," डीन म्हणाले. "हे पाहा, आम्ही सगळे वहिनींच्या शंभराव्या दिवसाला देवळात होतो असं लिहू आणि उद्या सकाळी सह्या करू. यायला तर हवंच होतं आम्ही. बोलावलं असतंत तर आलो असतो की नाही?"

"आलो असतो," सगळे म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

"मला विचार करू दे," कुवाबारा सर म्हणाले.

प्रयोगशाळेत नोसाकाबाई जाळीच्या टोपलीत शिंपल्या धूत होत्या. सरांनी त्यांना झाला प्रकार सांगितला. नोसाकाबाईंनी नळ बंद केला नाही.

"मग आता?"

"डीन म्हणतात, किनुयोचा शंभरावा दिवस होता असं लिहू."

"होताच की. मी घरी उदबत्ती लावली. सासूबाई म्हणाल्या, कोणासाठी. म्हटलं, कुवाबाराबाईंसाठी."

"तुमच्या लक्षात होतं?"

"न राहायला काय झालं. मला वाटलं तुम्ही देवळात जाऊन आला असाल. शुक्रवारी दुपारी खोलीत नव्हता ना तुम्ही."

"मी केस कापायला गेलो होतो."

नोसाकाबाईंनी टोपली झटकली. "लिहायचं तर लिहा, सर. पण माझ्यासाठी लिहिलं असं नंतर म्हणू नका. मला स्टेशनसमोरच्या खानावळीत भांडी घासायला बोलावलंय. मार्चनंतर कधीही या म्हणाले."

"ते काम आवडेल तुम्हाला?"

"भांडी मोजावी तरी लागत नाहीत," नोसाकाबाई म्हणाल्या आणि दुसरी टोपली नळाखाली धरली. शिंपल्यांची वही त्यांनी ओली होऊ नये म्हणून उंच फळीवर ठेवली होती. तिला प्लास्टिकचे वेष्टण घातलेले होते आणि त्यावर या वर्षाचा अंक होता, एकोणीस.

दुपारी सर सायकलने देवळात गेले. भंते कोगाकु अंगणात स्कूटरच्या चाकात हवा भरत होते.

"भंतेजी, शुक्रवारी शंभरावा दिवस होता."

"होता. मी अकरापर्यंत वाट पाहिली."

"मला फोन करायचा होतात."

"देवळानं असे फोन करायचे नसतात, सर. लोकांना वाटतं दक्षिणेसाठी करतोय."

"आता करता येईल का?"

"आधी केलेला चालतो. नंतर करत नाहीत. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये म्हणतात." भंतेजींनी चाक दाबून पाहिले. "पण अजिबात न करण्यापेक्षा उशिरा केलेला बरा. मी रागावेन, पण करीन. उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी सह्या आहेत."

"कसल्या सह्या?"

कुवाबारा सरांना खोटे बोलता आले नाही. त्यांनी सगळे सांगितले, नोसाकाबाईंच्या करारासकट. भंतेजी पंपावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे उद्या तुम्ही हा दिवस कागदावर करणार आणि इथं करणार नाही."

"बुधवारपर्यंत मुदत आहे. ते एकदा उरकलं की येतो."

"तसलं प्रमाणपत्र मी देणार नाही, हं."

"नाही मागत."

"या मग. फोन करून या," भंतेजी म्हणाले आणि पुन्हा हवा भरू लागले.

परत आल्यावर सरांनी डीनना होकार दिला. पुरावा म्हणून उपस्थितांच्या सह्यांची वही पाठवायचे ठरले. पांढऱ्या कापडाच्या पुठ्ठ्याची तशी वही ताकेमोतोने स्टेशनजवळच्या दुकानातून आणली. वही नवी दिसू नये म्हणून डीन रात्रभर तिच्यावर कौल ठेवणार होते, पण शिओमीबाई म्हणाल्या की शुक्रवारीही ती नवीच असली असती.

मंगळवारी दहा वाजता सभागृहात सगळे जमले. सही करायला काळा टाय लागत नाही. तरी सगळ्या पुरुषांनी तो घातला होता. अशा प्रसंगासाठी प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात एक असतोच. कुवाबारा सर दाराशी उभे राहिले. त्यांना तिथे उभे राहायला कोणी सांगितले नव्हते. पहिला माणूस आत आला तसे ते वाकले. मग प्रत्येकाला ते वाकले, आणि प्रत्येकाने हळू आवाजात दोन शब्द बोलून सही केली.

यामानोउची सहीचा ब्रश हातात घेऊन थांबले. "वहिनी मला नेहमी विचारायच्या, मोठा भूकंप कधी येणार. मी म्हणायचो, ते सांगता येत नाही. तर म्हणायच्या, मग तीस वर्षं काय करताय."

काही जण हसले. हसणे लगेच थांबले. शिओमीबाईंनी रुमाल काढला. "मला त्यांनी आलुबुखाराचं लोणचं शिकवलं. मी आहारशास्त्र शिकवते, आणि मला मिठाचा अंदाज त्यांनी शिकवला." त्यांची सही जरा फिसकटली.

तेवढ्यात इगावाबाई आल्या. त्यांनी वही पाहिली, तेरा सह्या मोजल्या, आणि पहिल्या पानावर मृत व्यक्तीचे नाव राहिले आहे ते दाखवले. कुवाबारा सरांनी ते लिहिले. एकेक अक्षर त्यांनी सावकाश काढले.

"मी खरं लिहिलं तेव्हा कोणी मानलं नाही," इगावाबाई वही घेत म्हणाल्या. "हे मात्र सगळे मानतील."

"तुम्ही नाही पाठवलंत तरी चालेल," कुवाबारा सर म्हणाले.

इगावाबाईंनी सभागृहाकडे नजर टाकली. कोणी अजून टाय सैल केला नव्हता. "मला आत्ता जे दिसलं ते मी पाठवते," त्या म्हणाल्या. "वार तेवढा बदलेल."

वहीची पाने फॅक्सने गेली, कारण प्रतिष्ठानाला फॅक्स आणि पोस्ट यांखेरीज तिसरे काही ठाऊक नव्हते. मागोमाग चौदा अर्जांचा गठ्ठा गेला. या वेळी दोरी पुरली नाही.

गुरुवारी दुपारी उत्तर आले. इगावाबाई ते घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आल्या. नोसाकाबाई तिथेच होत्या. इगावाबाईंनी उभ्यानेच वाचले.

'आपल्या विद्यापीठातील तेरा अर्जदार शुक्रवारी सहकाऱ्याच्या पत्नीच्या शंभराव्या दिवसाच्या विधीस उपस्थित होते, हे सह्यांवरून स्पष्ट होते. सहकाऱ्याविषयीची ही आस्था पाहून प्रतिष्ठानास समाधान वाटले. तेराही अर्ज स्वीकारले आहेत.'

इगावाबाई थांबल्या.

"तेरा?" कुवाबारा सरांनी विचारले.

'चौदावे अर्जदार श्री. कुवाबारा हे त्या विधीचे यजमान होते. पाहुण्यांना तारीख ऐन वेळी कळू शकते. यजमानास ती शंभर दिवस आधीपासून माहीत असते. त्यामुळे त्यांच्याबाबत कारण आकस्मिक मानता येत नाही. त्यांनी अर्ज आधीच पाठवायला हवा होता. अर्ज परत करीत आहोत. त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

नळ टपटपत होता तो नोसाकाबाईंनी बंद केला.

"मी फोन केला होता," इगावाबाई म्हणाल्या. "तिथल्या चिटणिसांना म्हटलं, यजमानही माणूसच असतो. तर म्हणाले, म्हणूनच शेवटी सहभागी आहोत असं लिहिलंय."

"खरं सांगून पाहू का? की मला तारीख माहीतच नव्हती म्हणून?"

"सांगता येईल, सर. पण मग विधी झाला नाही हे कळेल. बाकीचे तेराही परत येतील."

कुवाबारा सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते बसले. शिओमीबाईंचे, यामानोउचींचे, कौलांचे, सगळ्यांचे अर्ज आता किनुयोबाईंच्या शंभराव्या दिवसावर उभे होते, आणि तो दिवस मोडणे फक्त त्यांच्याच हातात होते.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. एकेक जण येऊन दाराशी वाकून गेला. प्रत्येकाने मिठाईचा खोका आणला. डीननी सगळ्यात मोठा आणला आणि पुढच्या वर्षी नक्की काहीतरी करू, असे दोनदा सांगितले. पुढच्या वर्षीचे अर्ज मार्चनंतर निघतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही. एबिनाही खोका घेऊन आला. त्याने काही केलेले नव्हते. वेळेत अर्ज दिल्याबद्दल त्याने माफी मागितली.

सगळे गेल्यावर नोसाकाबाईंनी खोके एकावर एक रचले. तेरा आणि एक, चौदा.

"काय म्हणायचंय ते म्हणून टाका," सर म्हणाले.

"काही नाही. कुवाबाराबाईंच्या दिवसाला तेरा माणसं आली. बरंच झालं म्हणायचं."

"कागदावर आली."

"कागदावर तर तुम्हीही आलात," नोसाकाबाई म्हणाल्या. त्यांनी एक खोका उघडून सरांपुढे सरकवला आणि चहाला पाणी ठेवले.

आता नोव्हेंबर लागला आहे. नोसाकाबाई दर आठवड्याला होडीतून जातात आणि वहीत आकडे लिहितात. त्यांचा करार मार्चच्या एकतीस तारखेपर्यंतच आहे आणि त्याची दुसरी काही सोय झालेली नाही. ओसाकाच्या तामाकि प्रतिष्ठानाच्या दफ्तरात किनुयोबाईंचा शंभरावा दिवस तेरा जणांच्या उपस्थितीत पार पडल्याची नोंद आहे. देवळात तो अजून व्हायचा आहे.